त्या संगीतामागचं कामही लिहा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत साठच्या दशकातल्या हिप्पी चळवळीवर आणि तिच्या संगीतावर आलेला लेख वाचला. युद्धविरोधी आंदोलनं, सॅन फ्रान्सिस्कोतली हेट-ॲशबरी ही हिप्पींची वस्ती, तरुणांची घर सोडण्याची ओढ, हे सगळं त्यात नीट आलं आहे. पण संगीताकडे वळल्यावर लेखाचा हात आखडला. ते सारं नशेच्या तंद्रीत आपसूक घडलं, असा सूर शेवटपर्यंत राहिला. हा समज जुना आहे आणि तो कान असलेल्या माणसांवर अन्याय करणारा आहे. म्हणून हे पत्र, आणि ते लांबलं तर माफ करा.

नशा होती, हे कोणीच नाकारणार नाही. पण टेप कापायला ब्लेड हातात घेतलं की हात स्थिरच लागतो. त्या काळातले सगळ्यात चक्रावून टाकणारे आवाज लंडनच्या ईएमआय स्टुडिओत तयार झाले, आणि तिथले तंत्रज्ञ प्रयोगशाळेतल्यासारखे पांढरे कोट घालून काम करत.

आधी त्यांच्या हाताशी काय होतं ते पाहू. १९६७ साली बीटल्सचा ‘सार्जंट पेपर’ हा अल्बम झाला तो चार ट्रॅकच्या टेप मशीनवर. टेप एक इंच रुंद, वेग सेकंदाला १५ इंच, आणि त्या एका इंचात शेजारी शेजारी चार पट्टे. ढोल, बेस, गिटार, पियानो एवढ्यातच चार संपतात. मग गाणं, कोरस, तंतुवाद्यं कुठे ठेवायची? त्यावरचा उपाय म्हणजे चारही ट्रॅक एकत्र मिसळून दुसऱ्या मशीनच्या एका ट्रॅकवर उतरवायचे. तिथे तीन ट्रॅक मोकळे मिळतात. तेही भरले की पुन्हा तेच करायचं.

हे फुकट मिळत नाही. प्रत्येक उतरवणीत टेपची स्वतःची खरखर त्यात मिसळते आणि आवाजाची वरची चमक थोडी जाते. सारख्या पातळीची दुसरी खरखर येऊन मिळाली की एकूण खरखर तीन डेसिबलने वाढते. म्हणून झांजांची चमक पुढे जाणारच हे धरून त्या आधीच थोड्या जास्त उजळ घ्याव्या लागतात. आणि एकदा मिसळलेलं पुन्हा वेगळं करता येत नाही. खंजिरी जरा वर राहिली तर ती कायमची वर राहिली. आज मिक्सिंगच्या वेळी बघू म्हणून जे निर्णय पुढे ढकलतात, ते तेव्हा तिसऱ्या दिवशीच करून टाकावे लागत. बीटल्सचा बेसवादक पॉल मॅकार्टनी त्या अल्बममध्ये बऱ्याच गाण्यांत बेस सगळ्यात शेवटी, स्वतंत्र ट्रॅकवर वाजवायचा, कारण शेवटी घेतलेल्या वाद्याची उतरवणी सगळ्यात कमी होते. त्या बेसचा ठसठशीतपणा कुठून आला याचं हे मोठं कारण आहे.

त्याच अल्बमच्या शेवटच्या गाण्यासाठी १० फेब्रुवारी १९६७ रोजी ४० वादकांचा ताफा बोलावला होता. २४ मात्राखंडांत प्रत्येकाने आपल्या वाद्याच्या अगदी खालच्या सुरापासून वरपर्यंत चढत जायचं, शेजाऱ्याकडे लक्ष न देता. हे घ्यायला चार ट्रॅक पुरणार नव्हते, म्हणून केन टाउनसेंड या तंत्रज्ञाने दोन मशीनं जोडली. पहिल्या टेपच्या एका ट्रॅकवर ५० हर्ट्झचा सूर मुद्रित केला आणि तोच वाढवून दुसऱ्या मशीनच्या मोटरला दिला. मोटर त्या सुराच्या तालावर फिरते, त्यामुळे वेग जुळतो. पण सुरुवात जुळत नाही! ती हाताने जुळवावी लागे. दोन्ही टेपवर मेणपेन्सिलीने खूण करायची आणि दोन्ही बटणं एकाच क्षणी दाबायची. मोटरला वेग घ्यायला दर वेळी थोडा कमी-जास्त वेळ लागतो, म्हणून पहिल्या प्रयत्नात जुळलं तर नशीबच. मिक्सिंगच्या वेळी तीच कसरत पुन्हा करावी लागली.

आता टेप कापून जोडण्याबद्दल, कारण लेखात ‘विचित्र उलटसुलट आवाज’ एवढ्या तीन शब्दांत हे सगळं उरकलं आहे.

सांधा कुठे द्यायचा हे ठरवायला टेपची दोन्ही चाकं हाताने मागेपुढे फिरवतात. वेग इतका कमी होतो की ढोलाचा ठोका ‘धप्प’ न ऐकू येता ‘व्हूऽऽम’ असा गुरगुरत येतो. तो जिथे सुरू होतो तिथे प्लेबॅक हेडसमोर, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागासमोर, टेपच्या पाठीवर खूण करायची. मग खाचेच्या ठोकळ्यात टेप बसवून ४५ अंशांत तिरका छेद द्यायचा. छेद सरळ ९० अंशांत दिला तर एका आवाजातून दुसऱ्यात एकदम उडी पडते आणि ‘टक्’ ऐकू येतं. तिरक्या छेदात एक आवाज विरत असताना दुसरा उमटतो. ब्लेडमध्ये चुंबकत्व शिरलं असेल तर छेद कितीही सुबक द्या, सांध्यावर ‘टक्’ येणारच. आणि चिकटपट्टी सांध्याची खास हवी. कागदाला लावायची साधी पट्टी लावली तर काही महिन्यांत तिचा डिंक पाझरतो, वरचा थर खालच्याला चिकटतो आणि हेडवर राळ बसते.

१९६६ च्या अखेरीस बीटल्सच्या ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स’चे दोन वेगळे प्रयत्न जोडायचे ठरले. एक संथ, दुसरा जलद, आणि दोघांचे सूरही वेगळे. टेपचा वेग सुमारे सहा टक्के वाढवला की सूर एक अर्धस्वर चढतो आणि लयही तेवढीच वाढते. दोन्ही एकमेकांना बांधलेली. इथे सुदैवाने जो जलद होता तोच सुराने वर होता. म्हणून एकाचा वेग थोडा वाढवून आणि दुसऱ्याचा उतरवून सूर आणि लय दोन्ही जवळ आली. गाण्याच्या सुमारे पहिल्या मिनिटावर तो सांधा आहे. जलद प्रयत्न खालच्या सुरात असता, तर त्या मशीनवर हे जमलंच नसतं.

टेपची वेटोळी, म्हणजे लूप, यांचं गणितही साधं आहे. १५ इंच म्हणजे एक सेकंद. दोन सेकंदांचा आवाज फिरता ठेवायचा तर ३० इंचांची टेप टोकाला टोक जोडून गोल करायची. ती मशीनवर मावत नाही, बाहेर लोंबते. मग तिथे एक माणूस उभा करायचा आणि त्याने पेन्सिल आत घालून वेटोळं ताणून धरायचं. सैल सोडलं तर टेप हेडला नीट टेकत नाही आणि आवाज मळका होतो. फार ओढलं तर वेग पडतो, सूर डळमळतो. एप्रिल १९६६ मध्ये बीटल्सच्या ‘टुमॉरो नेव्हर नोज’साठी अशी पाच वेटोळी इमारतीतल्या वेगवेगळ्या मशीनवर एकाच वेळी फिरत होती, पेन्सिली धरून माणसं उभी होती, आणि मिक्सरवर एकेक फेडर, म्हणजे आवाजाची सरकती दांडी, वर-खाली करून ते आवाज गाण्यात सोडले गेले. तो मिक्स वाजवल्यासारखाच झाला, म्हणून तसाच्या तसा पुन्हा करता येत नाही. मॅकार्टनीने घरच्या मशीनचं पुसणारं हेड निकामी करून एकाच टेपवर आवाजावर आवाज चढवत नेले होते. ते हेड बंद असलं की जुना आवाज पूर्ण जात नाही, नवा त्यावर बसतो, आणि टेप ठासून भरली की आवाज जाडसर होतो.

उलट्या गिटारचं काम याहून किचकट. टेप पालटून लावली की आवाज उलटा वाजतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण टेप पालटली की ट्रॅकही पालटतात. एक नंबरचा ट्रॅक चार नंबरवर जातो, दोनचा तीनवर. हे विसरून रेकॉर्डचं बटण दाबलं तर उलटी गिटार मिळते आणि कुठला तरी चांगला ट्रॅक पुसला जातो. वादकालाही आपली धून शेवटून सुरुवातीकडे बसवावी लागते. मे १९६६ मध्ये बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने ‘आय ॲम ओन्ली स्लीपिंग’साठी तेच केलं. तार छेडल्यावर आवाज एकदम येतो आणि विरत जातो. उलटा केला की तो शून्यातून फुगत येतो आणि पटकन तुटतो. तो तुटणारा क्षण तालावर पडायला हवा, म्हणून छेडण्याची जागा आधी मोजून ठरवावी लागते.

टाउनसेंडचीच आणखी एक युक्ती सांगायला हवी. बीटल्सच्या जॉन लेननला तीच ओळ दोनदा गाऊन आवाज दाट करण्याचा कंटाळा होता. १९६६ साली त्यावर असा तोडगा निघाला. टेप चालू असताना रेकॉर्ड हेडवरूनच गाणं उचलून दुसऱ्या मशीनला द्यायचं. रेकॉर्ड हेड आधी येतं, प्लेबॅक हेड नंतर, म्हणून हा आवाज मूळ आवाजाच्या किंचित आधी निघतो. दुसऱ्या मशीनवर तो मुद्रित होऊन तिच्या प्लेबॅक हेडपर्यंत पोचायला जो वेळ लागतो, त्यात ही आघाडी जवळपास फिटते. आता दुसऱ्या मशीनच्या मोटरला कंपनं पुरवणाऱ्या ऑसिलेटरने तिचा वेग थोडा हलवला की दोन आवाजांत सेकंदाच्या सुमारे पन्नासाव्या भागाचं अंतर पडतं, आणि एकच माणूस दोनदा गायल्यासारखं वाटतं. अंतर आणखी कमी केलं की काही कंपनं एकमेकांना खोडतात आणि विमान डोक्यावरून गेल्यासारखी ‘सूंऽऽ’ लहर येते. पुढच्याच वर्षी लंडनच्या ऑलिंपिक स्टुडिओत स्मॉल फेसेस या बँडच्या ‘इचिकू पार्क’ गाण्यावर ती लहर मुद्दाम वापरली गेली. ‘नशेचा आवाज’ म्हणून जो ओळखला जातो, तो हा. दोन मशीनं आणि एक ऑसिलेटर!

रंगमंचावरची गोष्ट वेगळी. तिथे कापाकापी नव्हती, पण वीज होती, आणि विजेने त्या दशकात संगीतकारांना फार छळलं.

उद्यानांतल्या मोफत मैफिलींना वीज बहुतेक वेळा जनरेटरची. आता हॅमंड ऑर्गन बघा. त्याच्या पोटात दातेरी लोखंडी चकत्या फिरतात आणि त्यांच्या वेगावर सूर ठरतो. त्यांना फिरवणारी मोटर विजेच्या कंपनसंख्येला बांधलेली असते. अमेरिकेत ती ६० हर्ट्झ. जनरेटरवर भार वाढून ती ५७ वर आली, तर ऑर्गन जवळजवळ एक अर्धस्वर उतरतो. गिटारवाल्याने अर्ध्या तासापूर्वी मिळवलेलं सगळं वाया. ऑर्गन पिळून मिळवता येत नाही, त्यामुळे बाकीच्यांनीच त्याला मिळवून घ्यायचं, तेही सगळे अँप, म्हणजे आवाज वाढवणारी यंत्रं, चालू करून, म्हणजे भार पडल्यानंतर. अमेरिकेतला ६० हर्ट्झचा ऑर्गन युरोपातल्या ५० हर्ट्झवर नुसता लावला तर तो तीन अर्धस्वरांहून थोडा जास्तच उतरतो.

दुसरा त्रास शॉकचा. त्या काळातल्या अमेरिकन गिटार अँपना बहुधा दोनच पिनांचा प्लग असे, अर्थिंग नाही. विजेची घरघर (हम) कमी करायला आत एक कपॅसिटर असायचा. तो अँपच्या पत्र्याला विजेच्या एका तारेशी जोडायचा, आणि कोणत्या तारेशी हे मागच्या खटक्यावर ठरायचं. खटका चुकीच्या बाजूला असला किंवा कपॅसिटर गळका झाला की पत्र्यावर वीज उतरते, तिथून गिटारच्या तारांवर, तिथून हातावर. समोरचा माईक वेगळ्या यंत्रणेतून अर्थ झालेला असतो. ओठ माईकला लागले की वाट पूर्ण होते. १९६९ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या वुडस्टॉक संगीत महोत्सवात पावसाने मंच भिजलेला असताना ग्रेटफुल डेड या बँडच्या वादकांना असेच झटके बसले. त्यांचा तो कार्यक्रम फसला याला नशेइतकंच अर्थिंगही जबाबदार आहे. यावर उपाय म्हणजे सगळे अँप आणि माईकची यंत्रणा एकाच वितरणावरून, तीन पिनांनी अर्थ केलेली. तोवर माईकवर स्पंजची टोपी चढवायची, आणि गाण्याआधी गिटारच्या तारा माईकच्या जाळीला टेकवून ठिणगी पडते का ते पाहायचं.

गायकाला स्वतःचा आवाज ऐकू न येणं हा तर रोजचाच प्रकार. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये सुमारे ५५,००० माणसांसमोर बीटल्स वाजवत होते ते १०० वॅटच्या अँपवर, आणि गाणं स्टेडियमच्या भोंग्यांतून. गायकाकडे तोंड केलेले स्पीकर तेव्हा रुळले नव्हते. अंदाजानेच सूर लावायचा. आवाज वाढवावा तर माईक शिट्टी मारतो.

तीच शिट्टी गिटारवाल्यांनी कामाला लावली. स्पीकरमधून आलेला आवाज तार हलवतो, तारेचं कंपन तिच्याखालचा पिकअप टिपतो आणि पुन्हा अँपला देतो. वादक अर्धं पाऊल पुढे-मागे सरकला की शिट्टीचा सूर बदलतो, कारण अंतर बदललं की वेगळी कंपनं पोसली जातात. जिमी हेंड्रिक्स हे पावलांनी वाजवायचा. आवाज मुद्दाम फाटका करणाऱ्या त्याच्या फझ फेस डब्यात दोन ट्रान्झिस्टर होते, सुरुवातीच्या डब्यांत जर्मेनियमचे. जर्मेनियमला उष्णता सोसत नाही. मंचावरच्या दिव्यांनी डबा तापला की आतली गळती वाढते, दुसऱ्या ट्रान्झिस्टरवर जो साधारण साडेचार व्होल्टचा तोल लागतो तो ढळतो, आणि सूर गुदमरून फुटक्या भोंग्यासारखा येतो. डबा सावलीत ठेवणं आणि थंड झालेला दुसरा हाताशी असणं एवढंच करता येतं. शिवाय दोन डबे सारखे वाजत नसत, म्हणून चांगला निवडून घ्यावा लागे. पायाने दाबून सुराचा रंग बदलणारं वाहवाह पेडल त्याच्या आधी लावलं तर फझ फेस त्याच्यावर इतका भार टाकतो की पेडलची चाल अर्धी मरते. नंतर लावलं तर आवाज वेगळाच होतो. दोन्हींतून काय निवडायचं, हा ज्याच्या त्याच्या कानाचा प्रश्न.

सतारीबद्दल लेखात एकच वाक्य आहे, तेही ‘पूर्वेचं आकर्षण’ असं. ऑक्टोबर १९६५ मध्ये बीटल्सच्या ‘नॉर्वेजियन वुड’साठी सतार घेताना ध्वनिमुद्रक नॉर्मन स्मिथला भलतीच अडचण आली. छेड पडताच मीटरचा काटा लाल रेघेपलीकडे जायचा, पण कानाला आवाज मोठा वाटायचाच नाही. जवारीची, म्हणजे घोडीवर झणझणणाऱ्या तारेची, टोकदार कंपनं टेपला झेपत नाहीत आणि बाकीचा आवाज खाली दबलेला राहतो. पातळी कमी करावी तर तरफा, म्हणजे खालच्या आपोआप झणझणणाऱ्या तारा, टेपच्या खरखरीत बुडतात. आवाजाचे उंचवटे कापणाऱ्या लिमिटरने दाबावं तर जवारीच मरते. माईक घोडीवर न रोखता थोडा लांब, भोपळ्याच्या अंगाला ठेवला तर बरं जमतं. १९६७ मध्ये अमेरिकेत निघालेल्या विजेच्या सतारीत घोडी अशी केली होती की तार तिच्यावर झणझणावी. झणझण मिळाली. पण सतारीचे पडदे उंच आणि वाकडे असतात म्हणून तार ओढून एका पडद्यावर चार-पाच सूर मींडेने घेता येतात, ते सपाट पट्टीवर कसं येणार?

रविशंकरांनी १८ जून १९६७ रोजी कॅलिफोर्नियातल्या माँटेरी संगीत महोत्सवात दुपारची बैठक घेतली आणि भीमपलास वाजवला, तबल्यावर अल्लारखा. दुपारी दुपारचा राग! श्रोत्यांनी धूम्रपान करू नये, असं त्यांनी बजावून सांगितलं होतं. वुडस्टॉकला ते पावसात वाजवत होते. ओल्या हवेत तबल्याची पुडी सैल पडते आणि सूर उतरतो, दिव्यांच्या उष्णतेत ती आखडून सूर चढतो. हातोडी सारखी हाताशी लागते. समोर लाखो माणसं असताना मिळवत बसणं ही वेळ काढण्याची गोष्ट नव्हती.

आणि मुंबई तर लेखात आलीच नाही. जानेवारी १९६८ मध्ये जॉर्ज हॅरिसनने इथल्या एचएमव्ही स्टुडिओत ध्वनिमुद्रण केलं. दोन ट्रॅकचं स्टीरिओ मशीन त्यासाठी कलकत्त्याहून आणवलं होतं. दोनच ट्रॅक, म्हणजे सगळ्यांनी एकत्र वाजवायचं आणि वाद्यांचा तोल माईकच्या अंतरानेच साधायचा, नंतर काही हलवता येत नाही. खोली आवाजबंद नव्हती, रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज आत यायचा. त्या दिवसांतल्या मुद्रणांत आशिष खाँ यांचा सरोद, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, शिवकुमार शर्मांचं संतूर आणि महापुरुष मिश्रांचा तबला-पखवाज आहे. त्यातलाच एक वाद्यसंगीताचा तुकडा लंडनला नेऊन फेब्रुवारीत त्यावर गाणं चढवलं, आणि मार्चमध्ये ते ‘द इनर लाइट’ नावाने ‘लेडी मॅडोना’च्या मागच्या बाजूला निघालं. त्या तबकडीच्या लेबलवर या वादकांपैकी कोणाचंच नाव नाही. दोन वर्षांपूर्वीच्या ‘रिव्हॉल्व्हर’ अल्बमच्या वेष्टनावर मात्र अनिल भागवत यांचं नाव तबलावादक म्हणून छापलेलं आहे.

आमची मागणी एवढीच, की या विषयावर पुन्हा लिहिलं जाईल तेव्हा ही नावं छापावीत, आणि पुरवणीतल्या फोटोंमध्ये एखादा टेप मशीनचाही असावा.

आपले,
ध्वनिमुद्रण आणि वाद्यदुरुस्तीच्या कामातले काही वाचक